आमची वाटचाल : केळ्यांचा गरम कॉबलर

नागपुरात बेकरी म्हटली की टोस्ट, खारी, पाव आणि वाढदिवसाचा केक. आमची भट्टीही याच मालावर उभी राहिली आणि सकाळचा पाव आजही पहिला निघतो. कॉबलर त्यात आला तो केळ्यांमुळे. कळमन्याच्या बाजारात केळी बाराही महिने येतात, आणि नेमकी पिकलेली केळी भट्टीत जी चव देतात ती इथल्या दुसऱ्या कुठल्याही फळाला येत नाही, हे आमचं ठाम मत आहे.

कॉबलर मूळचा अमेरिकेतला. तिथे तो पीच किंवा ब्लॅकबेरीचा करतात : फळ आणि सैलसर पीठ एकाच भांड्यात भाजायचं, गरम असतानाच चमच्याने खायचं. पीच भट्टीत स्वतःचा भरपूर रस सोडतो. केळं सोडत नाही. त्याच्या गरात पाणी सुमारे ७५ टक्के असलं तरी ते गरातच धरलेलं राहतं. म्हणून पीचच्या मापाने केळ्यांचा कॉबलर केला तर खालचा थर कोरडा आणि पिठूळ होतो. रस बाहेरून द्यावा लागतो, आणि आमच्या कृतीत सगळ्यात जास्त लक्ष त्याच रसावर असतं.

आठ इंची चौकोनी भांड्यासाठी ८० ग्रॅम चिरलेला गूळ ६० मिली पाण्यात विरघळवून एक उकळी काढा आणि गाळून घ्या, गुळात बारीक कचरा असतोच. त्यात एक टेबलस्पून लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ आणि एक अतिपिकलेलं केळं कुस्करून घाला. या केळ्यामुळे रस दाट होतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. पाक कोमट झाला की पाच केळ्यांचे दोन सेंटिमीटर जाडीचे काप त्यात हलक्या हाताने घोळवा. पातळ काप भाजताना विरघळून जातात.

पिठासाठी १२५ ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ आणि १८० मिली थंड दूध. इथे साखरेऐवजी गूळ घालायचा मोह टाळा. गुळाने दूध फाटू शकतं. भट्टी १८० अंशांवर तापवा, भांड्यात ७५ ग्रॅम बटर वितळू द्या, त्यावर पीठ ओता, पिठावर केळी आणि पाक पसरा. ढवळायचं अजिबात नाही. बटर कडेने वर येऊन कडा कुरकुरीत करतं, पीठ फुगत फळाच्या वर येतं. ढवळलं की दोन्ही थर जातात आणि ओलसर केक उरतो. साधारण ४० मिनिटं लागतात. गुळामुळे वरचा भाग लवकर काळपटायला लागला तर फॉइल झाका.

मधोमध कच्चं राहतं ते बहुतेक वेळा फळ मध्यभागी दाटल्यामुळे किंवा भांडं फार खोल असल्यामुळे. काडी टोचायची ती पिठात, फळात टोचली तर ती ओलीच निघणार. पावसाळ्यात बेकिंग पावडर दमट होते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर ती बदला. उन्हाळ्यात कालवलेलं पीठ ठेवून देऊ नका, भट्टीत जायच्या आधीच त्यातला वायू निघून जातो.

खरी परीक्षा केळं निवडण्याची. पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके, देठापाशी हिरवट छटा नाही, दाबलं तर किंचितच दबणारं, असं केळं हवं. कच्चट केळ्यात स्टार्च आणि तुरटपणा राहतो, तो भाजूनही जात नाही. पण हा रंगाचा नियम मे महिन्यात फसवतो. पारा ४५ अंशांकडे सरकला की साल हिरवट राहते आणि आतला गर मऊ होऊन जातो. त्या दिवसांत रंग सोडून बोटाने दाबून पाहावं. फ्रिज हा उपाय नाही, साधारण १३ अंशांखाली साल काळी पडते आणि पिकणं थांबतं. आम्ही वखारीतून रंग धरू लागलेल्या फण्या थोड्या थोड्या आणतो आणि कूलरच्या खोलीत टांगून ठेवतो. साल एकसारखी पिवळी, देठ हिरवागार आणि आतून टणक, असा माल परत करतो. तो कार्बाइडने पिकवलेला असण्याची शंका येते, आणि कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे.

यात अंडं लागत नाही, त्यामुळे शाकाहारी घरांतूनही मागणी येते. भट्टीतून काढल्यावर कॉबलर २० मिनिटं उघडा राहू देतो, मगच भोकं पाडलेलं झाकण लावतो. गरमागरम बंद केला तर वाफेने वरचा पापुद्रा भिजतो. घरी पुन्हा गरम करायचा तर ओटीजीत १६० अंशांवर दहा मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये तो लिबलिबीत होतो.

हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री आली की पाकात सालीचा कीस घालतो, फक्त नारिंगी भाग, पांढरा नको, आणि तोही पाक खाली उतरवल्यावर. संत्र्याचा रस मात्र वापरत नाही. तापवला की तो कडवट होतो, म्हणून आंबटपणासाठी थंडीतही लिंबूच.