तुम्ही विचारलंत म्हणून: एआयने नीट केलेल्या फोटोत आजी आजीसारखी का दिसत नाही?

महिन्यातून चार-पाच जण तरी हेच विचारतात, की ताई मोबाईलवर ॲप आहे, फोटो टाकला की मिनिटभरात चिरा, डाग सगळं गायब, एकदम एचडी, पण आजी आजी वाटत नाही, असं का? लालबागला घरातूनच जुने फोटो दुरुस्त करून देते मी, आणि एआय मीही वापरते, रोज वापरते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या चेहऱ्यातला बराचसा भाग तिचा नसतोच. चेहरे सुधारणारी जी सॉफ्टवेअर आहेत, म्हणजे २०२१ साली आलेलं जीएफपीगॅन वगैरे, त्यांना आधी ढीगभर चेहरे दाखवून शिकवलेलं असतं, एफएफएचक्यू नावाचा जो संच त्यासाठी सर्रास वापरतात त्यात फ्लिकर या फोटो टाकायच्या वेबसाईटवरून गोळा केलेले ७०,००० फोटो आहेत. आपल्या फोटोत डोळ्याच्या जागी नुसता करडा ठिपका उरला असेल तर ते या शिकलेल्या चेहऱ्यांवरून अंदाजाने डोळा काढतं, अगदी पापण्यांसकट. डोळा छान येतो, पण घरच्यांना लगेच कळतं की काहीतरी चुकलंय.

गेल्या वर्षी कलिनाहून एक मुलगी आली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात आजीची फ्रेम रात्रभर पाण्यात होती. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. कुणी ओढून काढला नाही हे बरं झालं, नाहीतर चेहरा काचेवर राहिला असता आणि हातात कोरा कागद. तिने काचेवरूनच मोबाईलने फोटो काढून कुठल्याशा ॲपमध्ये टाकला होता, ॲपने बुरशीचे डाग काढले आणि त्यांच्यासोबत हनुवटीवरचे तीन ठिपके पण पुसले. ते गोंदण होतं! कपाळावरचंही गेलं. सॉफ्टवेअरला बुरशी काय आणि गोंदण काय, दोन्ही डागच. मुलगी म्हणाली, "आईला दाखवला तर ती काहीच बोलली नाही ओ ताई, मोबाईल परत दिला फक्त." मला ते फार लागलं.

मग फ्रेम न उघडता, काचेसकट, दोन्ही बाजूंनी आडवा लाईट टाकून कॅमेऱ्याने शूट केला, ती मूळ फाईल टिफमध्ये, म्हणजे फोटोची क्वालिटी न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, वेगळी ठेवली, तिला हात लावायचा नाही म्हणजे नाही. मागचा पडदा, खुर्ची, लुगड्यावरचे डाग, काचेच्या चिरा हे सगळं एआयला दिलं, दोन दिवसांचं काम दोन तासांत झालं आणि याचं श्रेय मी त्याला मनापासून देते. चेहरा मात्र हाताने केला, तिच्या मतदार ओळखपत्राचा फोटो शेजारी उघडा ठेवून, आणि डाव्या गालाचा जो तुकडा पूर्ण उडाला होता तो थोडा धूसरच ठेवला. गोंदण जागच्या जागी.

रंगीत करून द्या म्हणतात त्यांनाही हेच सांगते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लाल कुंकू, लाल लुगडं फोटोत काळंच येतं, मग एआयने त्याला निळा दिला काय किंवा चॉकलेटी दिला काय, अंदाजच तो. रंग मी घरच्यांना विचारून भरते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले लालसर पडलेले कलर फोटो वेगळे, त्यातला निळसर हिरवा रंग उडालेला असतो, तो बऱ्यापैकी परत आणता येतो.

आणि तो चिकट पानांचा आल्बम असेल तर त्यातून फोटो नखाने उचकटू नका, आल्बमसकट आणा. काच चिकटलीये, काचेसकट आणा. त्याच माणसाचा दुसरा कुठलाही फोटो, लग्नाच्या ग्रुपमधला मागच्या रांगेतला असला तरी चालेल. जमलं तर येताना तिला डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी सोबत घेऊन या, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही, मी त्यांना शेजारी बसवूनच चेहरा करते.