साडीचा रंग कुठला काढू, ताई?

"ताई, बाईच्या साडीचा रंग कुठला काढू?" असं पेंटरकाकांनी विचारलं आणि मी फोन कानाला लावून नुसतीच उभी. जो सिनेमा मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बघितलाय, ज्यातलं कोण कधी जिन्यावरून उतरतं तेही मला पाठ आहे, त्यातल्या हिरॉइनच्या साडीचा रंग मला सांगता येईना.

सिनेमा म्हणजे 'कथा'. सई परांजपे, १९८३. नसीरुद्दीन शाहचा राजाराम, फारुख शेखचा बाशू, दीप्ती नवलची संध्या. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मुंबईच्या चाळीतला एक सरळमार्गी कारकून, संध्यावर जीव आहे पण तोंडातून शब्द फुटत नाही, आणि त्याच्या खोलीत एक गोडबोल्या मित्र येऊन टपकतो आणि हां हां म्हणता अख्खी चाळ खिशात घालतो, संध्यासकट. मूळ शं. गो. साठ्यांचं नाटक, 'ससा आणि कासव'. सिनेमा हिंदी आहे पण चाळ आपली आहे, आणि लोकांना सईंचाच 'चश्मे बद्दूर' आठवतो पण हा आठवत नाही याचा मला उगाचच वैयक्तिक राग आहे.

तर डोंबिवलीच्या घरात हॉलची एक भिंत रिकामी होती. नवरा म्हणाला ऑनलाइन पोस्टर मागव, पाच-सहाशेत येईल. मला प्रिंट नको होती. मला कुणीतरी हाताने काढलेली 'कथा' हवी होती. सिनेमातला सीन जसाच्या तसा नाही, पण गॅलरी, कठड्याला टेकलेली संध्या, जिन्यातून ऑफिसची बॅग घेऊन वर येणारा राजाराम आणि मागे आरशात बघून केस विंचरणारा बाशू, असं.

पेंटरकाका सापडले चिंचपोकळीला, ओळखीच्या ओळखीतून. एके काळी थिएटरवर लागणारे सिनेमाचे बॅनर करायचे. म्हणजे ज्या धंद्यात मुंबईत आल्यावर चित्रकार एम. एफ. हुसेनसुद्धा होते, आणि कोल्हापुरात बाबुराव पेंटर तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमेच काढायला लागले, त्याच खानदानातले. मग नव्वदीच्या शेवटाला फ्लेक्स आलं आणि संपलं. जो बॅनर चार जण मिळून आठवडाभर करायचे तो मशीनमधून एका दुपारी बाहेर पडायला लागला. काका हे सांगताना अजिबात रडके नव्हते. म्हणाले, "शिडीवरून तरी सुटलो."

मी जूनमध्ये गेलेले. ऑर्डर घेतली, दोन बाय तीन फुटाचा कॅनव्हास, ऑइल कलर, चौदा हजार, निम्मे आधी. आणि वर म्हणाले, गणपती झाल्यावर या. कारण पावसाळ्यात ते लालबागच्या एका कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात आणि तेव्हा दुसरं काहीही हातात घेत नाहीत. गणपती झाल्यावर गेले तर म्हणे आता देवी आहेत. शेवटी दसऱ्यानंतर कॅनव्हासला हात लागला. नवऱ्याच्या मते मी ॲडव्हान्स देवाला वाहिला होता.

मी त्यांना व्हॉट्सॲपवर जवळजवळ चाळीस स्क्रीनशॉट पाठवलेले. त्यांनी ते बघितले की नाही देव जाणे. प्रत्यक्ष भेटल्यावर एकच विचारलं, "उजेड कुठल्या बाजूने येतोय?" म्हटलं म्हणजे? म्हणे, "सकाळ आहे का संध्याकाळ, गॅलरीत ऊन येतं का नुसता उजेड, खालच्या चौकातून वर किती येतो, ते सांगा, माणसं मग बघू." आता मी परळच्या चाळीत वीस वर्षं काढलेली बाई, पण आमच्या गॅलरीत ऊन कुठून यायचं हे कधी बघितलंय? खूप डोकं खाजवल्यावर आठवलं की आई पापड सकाळी नाही, तीननंतर घालायची. काका म्हणाले, झालं, तीननंतरचं काढतो.

चेहऱ्यांवरून मात्र आमचं वाजलं. मला वाटायचं नसीर हा नसीरच दिसला पाहिजे. त्यांनी पहिल्या फेरीत जो चेहरा काढला त्याला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने हिरवट-निळी सावली! मी म्हटलं काका, हा राजाराम आहे, व्हिलन नाही. ते हसले. बॅनरची सवय, म्हणे. बॅनर बघणारा माणूस रस्त्याच्या पलीकडे किंवा डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, त्याला नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते लांबून कळायला हवं, म्हणून असे भडक रंग शेजारी-शेजारी लावायचे, लांबून ते आपोआप मिसळतात. मला त्यांनी खोलीच्या दारापर्यंत मागे जायला लावलं. आणि खरंच, दारातून तो राजाराम होता. पण माझा हॉल दहा बाय बाराचा, मी रोज राजाराम बघायला जिन्यात जाऊन उभी राहू का? हे म्हटल्यावर त्यांनी निमूट हिरवं कमी केलं. थोडं राहिलंय, डाव्या कानापाशी.

आणि मग तो साडीचा फोन.

त्याचं असं की आम्ही 'कथा' पहिल्यांदा बघितला तो दूरदर्शनवर, रविवार संध्याकाळचा हिंदी सिनेमा, समोरच्या काकूंच्या खोलीत, शटरच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर. पुढे आमच्या घरी आला तोही ब्लॅक अँड व्हाईटच. त्यामुळे डोक्यात जो सिनेमा बसलाय त्यात संध्याची साडी राखाडी, भिंत राखाडी, बाशूचे रंगीबेरंगी शर्टपण राखाडी. नंतर रंगीत बघितला की, अनेकदा, पण ते रंग डोक्यात शिरलेच नाहीत. स्क्रीनशॉट काढून बघितला तर माझ्या फोनवर एक रंग, नवऱ्याच्या फोनवर वेगळा, लॅपटॉपवर तिसराच. काकांना हे सांगितलं तर ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "थांबा," आणि फोन ठेवला. संध्याकाळी फोटो आला. त्यांच्या स्वतःच्या गॅलरीत त्यांच्या मिसेसची साडी वाळत होती, कैरीच्या सालीसारखी हिरवी, काठ तपकिरी, तीच संध्याला नेसवली होती. मी काय बोलणार, छानच दिसत होती.

डिसेंबरात चित्र घ्यायला गेले. काका म्हणत होते अजून ओलं आहे ताई, ऑइल वरून सुकलेलं वाटतं पण आत ओलं असतं, आणखी पंधरा दिवस राहू दे, आणि वार्निश तर सहा महिन्यांनीच. मला कुठला धीर. दुपारची दीडची स्लो पकडली, लेडीज डबा, चित्र मांडीवर उभं धरून. वरून पेपर लावू नका, चिकटेल, असं काकांनी बजावलेलं, त्यामुळे सगळं प्रदर्शन उघडंच. दादरपर्यंत अर्ध्या डब्याने मत देऊन झालेलं. एकीने विचारलं ही बीडीडी चाळ का? दुसरी म्हणाली कठडा लाकडी आहे म्हणजे गिरगाव. नसीरला फक्त एका आजींनी ओळखलं, पण त्यांना तो ओम पुरी वाटला. कुर्ल्याला लोंढा आत आला तसं चित्र मांडीवरून सटकलं, आणि क्लिपा-कानातली विकणाऱ्या बाईने हातातलं सगळं सोडून ते धरलं. बरोब्बर साडीच्या काठावर. तिचा अंगठा तिथे उमटलाय, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. ती बिचारी सॉरी सॉरी करत राहिली, आणि मी तिच्याकडून लाजेकाजेने दोन डझन क्लिपा घेतल्या. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे. पण परत ते धूड घेऊन चिंचपोकळीला कोण जाणार.

आई रविवारी बघायला आली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, चित्राच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं अंगठा दिसला.

"सगळं बरोबर आहे," म्हणाली, "पण तिची साडी गुलाबी होती."

म्हटलं आई, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट होता.

"मग? मला काय कळत नव्हतं होय?"