बद्द वाजलेली जीटीओ

मार्चचा दुसरा आठवडा. डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत माझी शेड आहे. सकाळी साडेआठला पोचलो तर काका माझ्याआधीच दाराशी उभे होते, हातात थर्मास आणि कोटाच्या खिशात घडी घातलेलं मासिकाचं पान.

माझं काम असं, की कुणाला साठ-सत्तरच्या दशकातली अमेरिकन मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची जोरदार गाडी, घ्यायची असली, तर पैसे देण्याआधी ती माझ्याकडे तपासायला येते. सांगलीत वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथं पत्रा घासायला बसायचो. ठोकाठोकी करता करता कान तयार झाला आणि इथं त्याच कानावर माझं पोट चालतं.

काका मूळचे पुण्याचे. कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकात एका रद्दीवाल्याकडे जुनं अमेरिकन मासिक त्यांच्या हाती लागलं आणि त्यात त्यांनी १९६६ची पाँटिअ‍ॅक कंपनीची जीटीओ ही गाडी पाहिली. खिशातलं पान तेच. पुढं तीसेक वर्षं त्यांनी इथल्याच मोटार कंपन्यांत नोकरी केली, मुलं शिकली, घराचं कर्ज फिटलं. आता निवृत्तीच्या पैशातून ती गाडी घ्यायची आणि ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जी मिरवणूक निघते, १९९५पासून जवळजवळ दरवर्षी, तिच्यात एकदा चालवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. मालकानं ६२ हजार डॉलर सांगितले होते आणि काका द्यायला तयार होते.

गाडी ट्रेलरवर आली. रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ असताना जुनी गाडी चालवत न आणणारा मालक दिसला की मला बरं वाटतं. सत्तरीतला माणूस, शाळेत सुतारकाम शिकवायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं ही गाडी ‘पूर्ण नवी केलेली’ म्हणून एका गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडून घेतली होती. बॅरियर ब्लू रंग, आत काळ्या सीटा, चार गिअरचा दांडा. उन्हात आली तेव्हा मीही दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. या गाडीची बाटलीसारखी कंबर, मागच्या चाकावरचा तो फुगवटा आणि उभे हेडलाइट, यांचं मला आजही काही वाटेनासं झालेलं नाही.

काकांनी आधी कागद काढले. सगळे तेच करतात, आणि त्यांनी ते चांगले जमवले होते. १९६४ आणि ६५ साली जीटीओ हे वेगळं मॉडेलच नव्हतं. त्याच कंपनीच्या लमान्स गाडीवर घ्यायचं ते पॅकेज होतं, म्हणून त्या दोन वर्षांची गाडी जीटीओ आहे की नुसती लमान्स, ते कारखान्यानं दिलेल्या नंबरवरून कळत नाही. बिल्ले लावून कुणीही लमान्सची जीटीओ करू शकतो आणि कितीतरी जणांनी केली आहे. १९६६ साली ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर २४२ने सुरू होऊ लागला. त्या वर्षी ९६,९४६ जीटीओ विकल्या गेल्या, तेवढ्या पुन्हा कधीच नाहीत. दाराच्या बिजागरीजवळची पट्टी पाहिली, तर २४२१७, मग ६, मग पी. पी म्हणजे पाँटिअ‍ॅक गावातला कारखाना, याच वुडवर्डच्या उत्तर टोकाला. पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कंपनीच्या जुन्या बिलांच्या नोंदी आहेत, तिथून काकांनी नक्कल मागवली होती. रंग, गिअरबॉक्स, सगळं जुळत होतं.

इंजिनावरचा कोड डब्ल्यूटी, म्हणजे ३८९ घनइंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं, हाताच्या गिअरचं. मी टॉर्च आडवा धरून कोडाभोवतीची जागा पाहिली. कुणी जुना कोड घासून नवा ठोकला असला, तर कारखान्यातल्या मशीनच्या बारीक समांतर रेघा तिथं दिसत नाहीत. इथं होत्या. मग प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरशेजारी इंजिनाचा ब्लॉक ओतल्याची तारीख, जे २७५. जे म्हणजे ऑक्टोबर, तारीख २७, साल ६५. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि सीटांच्या मधल्या पत्र्यावरच्या, बॉडीच्या पट्टीवर ११ सी, म्हणजे नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. ब्लॉक आधी ओतला, गाडी तीन आठवड्यांनी बांधली. उलटं असतं तर तिथंच थांबलो असतो.

‘‘म्हणजे खरी आहे ना रे?’’ काकांनी विचारलं.

‘‘जीटीओ खरी आहे काका. गाडी कशी आहे ते अजून बघायचंय.’’

इंजिन गार होतं, तेही मी हात लावून पाहिलं. आधीच तापवून आणलेलं इंजिन बरंच काही लपवतं. दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून चावी मारली, लगेच सुरू. सुरुवातीला थोडा निळसर धूर, मग स्वच्छ. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आठही सिलिंडरांचं १५५ ते १६५ पौंडांच्या आत. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे आणि त्यांना दाब देणारा मास्टर सिलिंडर एकेरी, त्या वर्षी तसाच यायचा. एक पाइप फुटला की पुढचे-मागचे सगळे ब्रेक गेले. ते बदलून घ्यायला मी प्रत्येकाला सांगतो, मग मूळपणा गेला तरी चालेल. टायर छान दिसत होते, पण त्यांच्यावरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

मग पत्रा. वडिलांकडे जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक असायचं, फडक्यात गुंडाळलेलं. माझ्याकडे आता रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे, पण चुंबकही आहेच. यंत्रानं छतावर ९ मिल दाखवलं, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ९. दारावर १०. मागच्या चाकामागे, खालच्या कोपऱ्यात, ४४. चुंबक तिथं धरलं तर घसरून हातात आलं. पुट्टी. मागच्या काचेखाली गंजाचे दोन फोडही होते आणि तिथून पाणी डिकीत उतरतं, म्हणून डिकीतली चटई उचलली. खाली नवा पत्रा जोडलेला, काम बरं होतं. साठीच्या गाडीला थोडी पुट्टी असणारच, त्यावरून मी कुणाला गाडी नको म्हणत नाही. पण चाकामागे पुट्टी आणि डिकीला नवा पत्रा, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांच्या मधे, खाली, काय असेल याची मला काळजी लागते.

गाडी लिफ्टवर घेतली. खालून सगळं काळंकुळकुळीत, रबरी अंडरकोटिंग मारलेलं, अगदी ताजं. बघणाऱ्याला वाटतं काय निगा राखलीय.

हे मिशिगन आहे. डेट्रॉइट शहराखाली १२०० फुटांवर मिठाची खाण आहे आणि दर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, दाबलेल्या पत्र्याची, बॉडीपासून वेगळी. मागच्या एक्सलवरून ती कमानीसारखी वर चढते, तिथं चारही बाजूंनी बंद पेटी असते आणि पाणी निथळायला भोकं. त्या भोकांतूनच मिठाचा चिखल आत जातो, कमानीच्या खोबणीत बसून राहतो आणि लोखंड आतून खातो. बाहेरचा पत्रा शेवटपर्यंत ठीक दिसतो.

मी लहान हातोडी घेतली आणि पुढून सुरुवात केली. पुढच्या चाकापाशी खणखणीत. दारांखाली खणखणीत. कुंभाराकडे मडकं घेताना आपण बोटानं वाजवतो, तसं वाजवत मागं गेलो. डाव्या कमानीवर हातोडी पडली आणि आवाज बद्द आला. दोन इंच पुढं पुन्हा मारली, पुन्हा बद्द. काका बोलता बोलता थांबले. त्यांनाही ऐकू आलं होतं.

खरवडायच्या आधी मी मालकाची परवानगी मागितली, कारण गाडी त्याची. तो म्हणाला, ‘‘खुशाल कर, लपवण्यासारखं काही नाही.’’ मनापासून म्हणाला. अंडरकोटिंगचा थर सोलून काढला तर खाली राखाडी पुट्टी, तिच्याखाली फायबरचं कापड. कापडाची कड उचलून स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि हलकासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. काढला तसा तपकिरी गंजाचा चुरा, पापुद्रे आणि वाळलेली माती माझ्या बाहीवरून खाली सांडली. थांबता थांबेना. उजव्या बाजूलाही तेच.

स्प्रिंगा वर या कमानीलाच टेकतात. एक्सल पिळू नये म्हणून जे वरचे दोन दांडे असतात ते हिच्याच आडव्या पट्टीला बांधलेले. ३३५ घोड्यांचा सगळा जोर तिथं येतो. पुढं कधीतरी गिअर टाकून जोरात क्लच सोडला असता आणि तिथला पत्रा फाटला असता, तर एक्सल गाडीखालीच फिरला असता.

मालक वाकून त्या भोकाकडे बघत होता. ‘‘माझी नात मागच्या सीटवर बसते,’’ एवढंच तो बोलला. मी लिफ्टखाली स्टूल ठेवलं, तो बसला. काकांनी थर्मासच्या झाकणात त्याला चहा ओतून दिला.

दुरुस्ती होते. बॉडी चासीवरून उचलायची, मागचा भाग कापून नवा जोडायचा किंवा नवीन चासीच बसवायची. मजुरी धरून पंधरा ते वीस हजार डॉलर आणि सहा महिने, असा माझा अंदाज मी दोघांनाही सांगितला. काकांनी विचारलं, किंमत तेवढी कमी केली तर घ्यावी का? मी नको म्हटलं. फायबर लावून चासी झाकणाऱ्या माणसानं आणखी कुठं काय झाकलं असेल, हे बॉडी उचलल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं आणि न बघता मी हमी देत नाही. काका बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी मासिकाचं पान काढलं, पुन्हा घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवलं.

‘‘पुढची मिळाली की आधी तुझ्याकडे आणतो,’’ म्हणाले. ‘‘कागद नंतर.’’

गाडी खाली घेऊन मी झाडू काढला. मालक उठला आणि म्हणाला, तो चुरा टाकू नकोस, मला हवाय. ज्यानं विकली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचाय. एका कागदी पिशवीत मी सगळं भरलं, फायबरच्या चिंधीसकट. त्यानं माझ्याकडून पेन घेतलं आणि पिशवीवर गाडीचा नंबर लिहिला. २४२पासून शेवटच्या अंकापर्यंत, पट्टीकडे एकदाही न बघता.