ठकूचे पट्ट्यापट्ट्यांचे लेग वॉर्मर

बारशाला मी कुंची विकत आणली, हे आई अजून विसरलेली नाही. नाव माझ्याच तोंडून फुटलं, पाठीत धपाटेही मीच खाल्ले, पण पाळण्यापाशी जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी विचारलं, "आत्यानं विणली का गं कुंची?" आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेढ्यांच्या ताटाकडे सरकले.

दिवाळीत नाशिकला दादाकडे गेले तेव्हा ठकू रांगायला लागली होती. (तिचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे. ते घरात कोणी वापरत नाही.) निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, पण नाशिकच्या फरशीचा पारा कोणी छापत नाही. शहाबादी फरशी सकाळी अशी गार पडते की आपण चपला शोधतो आणि हे बाळ त्यावर गुडघे घासत या खोलीतून त्या खोलीत जातं. पायजमा घातला की मागे राहतो, बाळ पुढे जातं. पायांसकटचा झगा घातला तर तळवे घसरतात, कारण रांगताना बाळं पायाच्या बोटांनी जमीन रेटतात आणि कापडात ती बोटं काय रेटणार? शिवाय लंगोट बदलायला दर वेळी सगळं उतरवा. वहिनी म्हणाली, "नाचणाऱ्या मुली घालतात ना पोटऱ्यांना, तसं काहीतरी हवंय. वर मांडीपर्यंत, खाली घोट्यापर्यंत, पावलं उघडी."

मी म्हटलं, मी विणते. म्हटलं आणि मग आठवलं, की शाळा सोडल्यापासून मी सुया हातात धरलेल्या नाहीत.

पुण्याला परत आल्यावर आईनं माळ्यावरची पेटी काढायला लावली. तिच्यात सुयांचा जुडगा, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि आमच्या घराचा सगळा इतिहास लोकरीच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेला. बाबांच्या हाफ स्वेटरची उरलेली मरून, दादाच्या माकडटोपीची निळी, माझ्या कधीच पूर्ण न झालेल्या स्कार्फची गुलाबी. एकेका रंगाची एवढी थोडी लोकर की सबंध काही होणारच नाही. म्हणून पट्टे. पट्ट्यांमागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती.

सुयांच्या नंबरांनी पहिला घोळ घातला. आईच्या सुयांवर ८, ९, १०, ११ असे आकडे, आणि मी व्हिडिओ बघत होते त्यात सगळं मिलिमीटरमध्ये. मोठा आकडा म्हणजे जाड सुई, असं मी धरून चालले होते. आपल्याकडचे जुने आकडे उलटे चालतात. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि ८ नंबर म्हणजे चार. आकडा वाढला की सुई बारीक. आई म्हणाली, "एवढं काय त्यात? चार पदरी लोकर, दहा नंबर सुई. तान्ह्या पोराचं सगळं दहावरच करतात."

दुसरा वाद शिवणीचा. आईचं म्हणणं, दोन सुयांवर सपाट विण आणि बाजूनं शिव. मला शिवण नको होती. मांडीच्या आत शिवण टोचेल, आणि खरं सांगायचं तर मला शिवता येत नाही. म्हणून मी दोन्हीकडे टोकं असलेल्या चार सुया आणल्या, मोजे विणतात तशा. तीन सुयांवर टाके वाटून घ्यायचे, चौथीनं विणत राहायचं. पहिल्या पाच-सहा फेऱ्या हातात साळिंदर धरल्यासारखं वाटतं. ज्या सुया रिकाम्या असायला हव्यात त्या नसतात, जी असायला नको ती गळून सोफ्याखाली जाते. मग हात बसतो.

गोल विणण्यातलं एक सुख असं, की कायम सुलट बाजू आपल्याकडे असते. बॉर्डर सोडली तर उलट टाका घालावाच लागत नाही. आणि एक दुःख, जे मला पट्टे सुरू केल्यावर कळलं. चकली पाडताना शेवटचं टोक पहिल्या वेढ्याच्या बाहेर येऊन टेकतं ना, तेच इथे. आपल्याला वाटतं आपण एकावर एक बांगड्या रचतोय, पण गोल विणकाम म्हणजे एकच लांबलचक वेढा असतो. एका रंगात ते दिसत नाही. रंग बदलला की फेरी जिथे सुरू होते तिथे पट्ट्याला पायरी पडते. माझ्या पहिल्या लेग वॉर्मरवर खालपासून वरपर्यंत अशा पायऱ्यांची रांग होती. शिवाय एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे टाके सैल पडून उभी शिडी तयार झालेली. पायऱ्याही आणि शिड्याही. आई म्हणाली, "लेणी बघायला गेल्यासारखं वाटतंय."

तरी ते पूर्ण झालं. पांढऱ्या नव्या ॲक्रिलिकमध्ये बाबांच्या मरून लोकरीचे पट्टे. मला ते फार आवडलं होतं. बाळाला द्यायचं म्हणून स्वच्छ असावं, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा, या सद्हेतूनं मी ते वॉशिंग मशीनमध्ये टाकलं, गरम पाण्यात.

बाहेर आलं ते उसाचं कांडं. मरून पट्टे आवळून घट्ट झालेले आणि मधले पांढरे फुगलेले, पेरापेरांचे. पांढरे आता पांढरेही राहिले नव्हते. आईनं मरून लोकरीचा एक धागा घेतला, काडी ओढली आणि जाळला. केस जळल्याचा वास आला, मागे राहिलेली राख बोटांनी चुरडली गेली. मग पांढऱ्याचा जाळला. तो वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. "बाबांची लोकर अस्सल होती," ती म्हणाली. अस्सल लोकर गरम पाण्यात घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून आकसतात, ॲक्रिलिक तसं आकसत नाही. आपण दुकानात दोन्हींना लोकरच म्हणतो, म्हणून एका पायावर दोन्ही नांदतील असं मला वाटलं होतं. हे जाळून बघायचं काम आधी करायला हवं होतं, आणि ते सिंकमध्ये, पडद्याजवळ नाही. तेही सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जाऊन तीन रंगांचं एकाच जातीचं ॲक्रिलिक आणलं. पांढरा, हळदी, मोरपंखी. बाळाचं रोज धुवावं लागणार, वहिनी काही थंड पाण्यात हातानं हलके हलके धूत बसणार नाही. अस्सल लोकर जास्त ऊबदार, कबूल. पण रात्रभर जागलेल्या बाईला ती धुवायला सांगणारी आत्या मला व्हायचं नव्हतं.

या खेपेला नमुना विणला. चार बोटांचा चौकोन, तो धुतला, वाळवला, मग पट्टी लावली. १० सेंटीमीटरच्या हिशेबानं आडवे २८ टाके आणि उभ्या ३६ ओळी. वहिनीनं फोनवर मापं दिली होती. घोटा १४, मांडी २४, लांबी २६, म्हणजे थोड्या चुण्या पडतील एवढी. (मांडीचं माप घेताना ठकूनं टेप खाल्ला, त्यामुळे २४ हा अंदाजच.) विणलेलं कापड ताणतं, म्हणून वरच्या टोकाला मापापेक्षा थोडं कमीच धरायचं, नाहीतर ते घसरतं. घोट्याला ४४ टाके घातले, मांडीला ६० करायचे ठरवले. दोन्ही आकड्यांना चारानं भाग जातो, कारण बॉर्डर दोन सुलट दोन उलट.

आणि इथे पट्टे कामाला आले. मी रंगांसाठी धरले होते, निघाले मोजपट्टी. दोन्ही बॉर्डरी पांढऱ्या, चार-चार सेंटीमीटरच्या, तर मधले उरतात १८. सहा ओळींचा पट्टा केला तर ११ पट्ट्यांत ते भरतात. ४४ चे ६० करायला १६ टाके वाढवायचे, एका वेळी दोन, म्हणजे आठ वेळा. मग दुसऱ्या पट्ट्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक पट्ट्याच्या पहिल्या फेरीत दोन टाके वाढव, दहावा-अकरावा सरळ जाऊ दे. बस. ओळी मोजायला कागद नको, खुणेच्या पिना नकोत. फोन वाजला, कुकर झाला, कोणी दारात आलं, तरी परत येऊन बघायचं की आपण कितव्या रंगात आहोत. ज्यांना माझ्यासारखी मोजण्याची सवय नाही त्यांनी साधं एकरंगी विणून सोपं पडेल असं समजू नये. एकरंगी कापड समुद्रासारखं असतं, त्यात आपण कुठे आहोत ते कळत नाही.

टाका वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून सुईवर घ्यायचा आणि मागच्या बाजूनं विणायचा, म्हणजे त्याला पीळ पडतो आणि भोक राहत नाही. पायरीवरचा उपाय तर इतका साधा निघाला की चिडच आली. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणायची, आणि दुसऱ्या फेरीतला पहिला टाका न विणता नुसता या सुईवरून त्या सुईवर सरकवायचा. खालचा टाका वर ओढला जातो आणि पट्टा जुळतो. अगदी निरखून पाहिलं तर दिसतं, पण रांगत्या बाळाकडे इतकं निरखून बघायला ते थांबत नाही. शिड्यांसाठी प्रत्येक सुईवरचा दुसरा टाका घातल्यावर धागा जरा ओढून घ्यायचा. पहिला ओढून उपयोग होत नाही.

रंग दर पट्ट्याला तोडायचा नाही, आतून वर न्यायचा. पण सहा ओळींचा मोकळा धागा आत लोंबत राहिला तर घालताना बाळाच्या पायाचं बोट त्यात अडकतं. म्हणून दर दोन फेऱ्यांनी दोन्ही रंगांना एकमेकांत एक पीळ द्यायचा. हे आईनं सांगितलं. व्हिडिओवाल्या बाईच्या घरात बहुधा बाळ नव्हतं. गोंडे आणि बटणंही आईनं रद्द केली. माझ्या डोक्यात मोरपंखी गोंडे होते. "ती ते पहिल्या दिवशी खाईल," एवढंच ती म्हणाली.

मी एकदा हिशेब केला. एका पायाला सुमारे पाच हजार टाके. ऑफिसमधून आल्यावर रोज तासभर, आई शेजारी भाजी निवडत, अधूनमधून न विचारता सूचना करत. नवव्या दिवशी पहिलं झालं.

नाताळच्या सुट्टीत दादा-वहिनी पुण्याला आले तेव्हा घालून पाहिलं. घोटा सुरेख बसला. पोटरी सुरेख. गुडघ्याच्या वर गेलंच नाही. आत साठ टाके होते, कापड ताणत होतं, पण शेवटची कड दोरीसारखी घट्ट. टाके बंद करताना मी ते सुटतील या भीतीनं इतके आवळले होते की बॉर्डर कितीही ताणली तरी कड हलेना. ठकूच्या मांडीवर लाल वळ उठला आणि तिनं भोकाड पसरलं. वहिनी काही बोलली नाही, उगाच खिडकीकडे बघत राहिली. मला त्या क्षणी ते फरशीवर आपटावंसं वाटलं.

त्या रात्री कड उसवली. फक्त शेवटची ओळ, बाकी बॉर्डर शाबूत. टाके परत सुयांवर घेतले आणि बंद करायला ८ नंबरची जाड सुई वापरली. जाड सुईनं टाका आपोआप मोठा पडतो, हाताला सैल राहायला शिकवावं लागत नाही. कड जरा लाटांसारखी दिसते, पण पायात गेल्यावर बरोबर बसते.

दुसरा पाय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाला. पहिल्याला शेजारी ठेवून विणलाच नाही. नुसते पट्टे मोजत गेले. हळदी सहा, मोरपंखी पाच. शेवटी दोन्ही एकमेकांवर ठेवले तर दोरा दोऱ्याला लागला. मी आईला दोनदा हाक मारून दाखवलं. तिनं हातात घेतलं, उलटं करून आतले धागे पाहिले, टोकं नीट आत ओवलीत का ते ओढून पाहिलं, आणि म्हणाली, "बरं झालंय."

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तिच्या मांडीवर मला हळदी रंग दिसला. उरलेल्या लोकरीचं ती काहीतरी करत होती, दोन सुयांवर, सपाट. मी विचारलं तर म्हणाली काही नाही. संक्रांतीला नाशिकचं पार्सल बांधायला घेतलं तेव्हा तिळाच्या वड्यांच्या डब्यावर तीन लेग वॉर्मर होते. तिसरं शिवलेलं. मी शिवण शोधायला आतून-बाहेरून बोट फिरवलं. बाहेरून सापडलीच नाही. सुलट बाजू समोर ठेवून, काठाच्या आतल्या टाक्यांमधला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा उचलत तिनं ओढून घेतलं होतं. पट्ट्याला पट्टा लागलेला, एकही पायरी नाही.

"तिसऱ्याचं काय करणार ती?" मी म्हटलं.

"राहू दे," आई म्हणाली.

परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, आईंना सांग, तिसरं पाठवलं ते फार बरं केलं. एक कायम सोफ्याखाली असतं.