खणातून बाहेर आलेली भयकथा: दुसरा खर्डा

दोन आठवड्यांपूर्वी खण उघडला. पहिला खर्डा संपल्यावर त्याला किमान सहा आठवडे हात लावायचा नाही, हा अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगचा नियम या वेळी मी नेटाने पाळला. आधीच्या तिन्ही कथा मी लिहून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करायला घेतल्या होत्या. तेव्हा प्रत्येक वाक्य डोक्यात ताजं असायचं, त्यामुळे खुपायचं काहीच नाही. या वेळी पहिलं पान दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं, आणि त्यातला फापटपसारा लगेच दिसला.

कथा एका कमी ऐकू येणाऱ्या मुलाची आहे. झोपताना तो श्रवणयंत्र काढून डबीत ठेवतो, तरीही एक आवाज त्याला ऐकू येत राहतो. खर्डा ६,४१२ शब्दांचा होता. दुसरा खर्डा म्हणजे पहिला खर्डा वजा दहा टक्के, या सूत्राप्रमाणे ५,७७१ पर्यंत यायचं होतं. हे सूत्र मुळात किंगचं नाही. १९६६ साली, किंग शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना, एका संपादकाने त्याची कथा परत पाठवली आणि नकाराच्या छापील चिठ्ठीवर हाताने ते खरडलं. किंगने ते पुठ्ठ्यावर लिहून टाइपरायटरशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. नकारातून कामाची गोष्ट उचलणारा हा मुलगा मला फार जवळचा वाटतो.

सगळ्यात जास्त कात्री लागली ती विशेषणांना आणि ‘अचानक’ला. मूळ वाक्य असं होतं: ‘अचानक त्याला खूप गूढ, भीतिदायक आणि अंगावर काटा आणणारा आवाज हळूच ऐकू आला.’ आता ते असं आहे: ‘यंत्र डबीत होतं. तरी आवाज आला.’ काटा वाचकाच्या अंगावर यायला हवा. तो आला असं मीच सांगून टाकलं, तर त्याच्यासाठी काय उरलं?

‘डान्स मकाब्र’ या १९८१ च्या पुस्तकात किंग भीतीच्या तीन पायऱ्या सांगतो. सर्वांत वर दहशत, जिथे काहीच दिसलेलं नसतं. मग समोर दिसणारं भयंकर, आणि तेही जमलं नाही तर किळस. माझा शेवट थेट तिसऱ्या पायरीवर होता, रक्तासकट. तो अख्खा काढला. आता मूल डबी कानाशी धरतं, तिथेच कथा थांबते.

फेब्रुवारीत मी हे सगळं सोडून दिलं होतं, तेव्हा दोन गोष्टींनी परत बसवलं. पहिली त्याच्या ‘कॅरी’ या कादंबरीची. किंग तेव्हा शाळेत शिकवायचा, ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचा, कपडे धुण्याच्या खोलीत बसून लिहायचा. जमत नाही म्हणून त्याने सुरुवातीची पानं टोपलीत टाकली. बायकोने, टॅबिथाने, ती उचलली, सिगारेटची राख झटकली आणि पुढे काय होतं ते वाचायचंय म्हणाली. १९७४ मध्ये तीच त्याची पहिली प्रकाशित कादंबरी ठरली. दुसरी गोष्ट १९९९ ची. जूनमध्ये रस्त्याने चालताना किंगला व्हॅनने उडवलं, पाय आणि कंबर मोडली. पाचेक आठवड्यांत तो चाकाच्या खुर्चीत बसून पुन्हा लिहू लागला. पहिल्या दिवशी एक तास चाळीस मिनिटं. मीही तेवढाच वेळ ठरवून बसलो. पहिल्या दिवशी १८० शब्द झाले. त्याने नवख्यांना सांगितलेला रोजचा हजार शब्दांचा आकडा मला अजून झेपलेला नाही, चारशेवर स्थिरावलोय.

सध्या मोजणी ५,८०३ आहे. म्हणजे बत्तीस शब्द अजून जायचेत. सोमवारी खर्डा ताईला दिला. तिला एवढंच सांगितलंय, की वाचताना जिथे कागद खाली ठेवावासा वाटेल तिथे पेन्सिलने रेघ मार. आतापर्यंत एकच रेघ आली आहे, नवव्या पानावर. तो परिच्छेद माझा सगळ्यात आवडता आहे. आज रात्री तो काढून कथा वाचून बघणार आहे.