लेडव्हिल: गुगनहाइमांच्या पैशाचं गाव

कोलोरॅडोतलं लेडव्हिल जवळपास 3,100 मीटर उंचीवर आहे. हॅरिसन अ‍ॅव्हेन्यूवर जरा भरभर चाललं तरी धाप लागते. समोर माउंट एल्बर्ट आणि माउंट मॅसिव्ह उभे ठाकलेले, पण मला ओढ होती ती गावाबाहेरच्या कॅलिफोर्निया गल्च या घळीची. तिथल्या 'ए. वाय.' आणि 'मिनी' या दोन खाणींतून गुगनहाइम घराण्याचं भाग्य उजळलं.

या घराण्याचा मूळपुरुष मायर गुगनहाइम, मूळचा स्वित्झर्लंडमधल्या लेंगनाउचा. त्या काळी तिथे ज्यूंना दोनच गावांत वस्तीची मुभा होती, लग्नालाही सरकारी परवानगी लागे. विधुर वडिलांना दुसऱ्या लग्नाची परवानगी मिळेना, तेव्हा अख्ख्या कुटुंबाने 1847 मध्ये फिलाडेल्फिया गाठलं. मायर दारोदार फिरून लोखंडी शेगड्यांचं पॉलिश विकायचा. खरा नफा बनवणाऱ्याच्या खिशात जातो हे त्याने हेरलं आणि पॉलिश स्वतःच बनवायला घेतलं.

लेडव्हिलच्या खाणींत त्याने भागीदारी घेतली, तेव्हा त्या पाण्याने भरलेल्या होत्या. पाणी उपसण्यात आधी पैसा ओतावा लागला, मग चांदी आणि शिसं हाती लागलं. पण इथेही त्याचा हिशेब तोच: खणणाऱ्यापेक्षा खनिज वितळवून धातू काढणारा जास्त कमावतो. 1888 मध्ये कोलोरॅडोतल्याच प्वेब्लो शहरात त्याची भट्टी पेटली. 1901 पर्यंत अमेरिकेतल्या धातू गाळण्याच्या सगळ्यात बलाढ्य कंपनीची सूत्रं त्याच्या मुलांकडे आली. पुढे अलास्का, युटा, चिली इथलं तांबंही.

घळीच्या परिसरात आज पिवळट-राखाडी मातीचे ढिगारे आहेत, त्यांना आधार देणारे लाकडी ओंडके कुजत चाललेत. शिसं, जस्त, कॅडमियम पाण्यावाटे आर्कान्सा नदीत उतरत होतं. ते साफ करण्यासाठी 1983 मध्ये सरकारने हा भाग अतिप्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत घातला. गावच्या स्मशानभूमीत हजारावर गरीब माणसं बेनाव पुरलेली आहेत, त्यांत बहुतेक आयरिश, पोटासाठी खाणींवर आलेली. तिथल्या जमिनीवर नुसते लांबट खळगे दिसतात. त्या खळग्यांमधून चालताना पाय जड होतात.

गावातलं 1884 चं टेम्पल इस्रायल मात्र अवश्य बघा. उतरत्या छपराचं, लहानसं लाकडी सिनेगॉग. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत ज्यू दुकानदारांनी ते उभं केलं.

या घराण्याचं मला सगळ्यात भावलेलं दान मायरच्या मुलाचं, सायमनचं. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन 1922 मध्ये गेला. त्याच्या नावाने सायमन आणि त्याची बायको ऑल्गा यांनी 1925 मध्ये फेलोशिप सुरू केली. लेखक, संशोधक, कलावंत निवडायचा, पैसे द्यायचे आणि त्याला त्याचं काम मोकळेपणाने करू द्यायचं. सायमनच्या भावाने, डॅनियलने, विमानविद्येला आणि रॉबर्ट गोडार्डच्या रॉकेटांना हात दिला. दुसऱ्या भावाचं, सॉलोमनचं, न्यूयॉर्कमधलं कलासंग्रहालय 1959 मध्ये उघडलं, पण ते बघायला तो राहिला नाही.

त्याच संग्रहालयात 2014 मध्ये आपल्या वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरलं. नागपुरात जन्मलेला, जे. जे.त शिकलेला चित्रकार तिथे पोचला याचा मला फार अभिमान आहे. पण हे वैभव खाणींच्या पैशातून उभं राहिलं, म्हणूनच वाटतं, त्या वास्तूत लेडव्हिलच्या खाणकामगारांसाठीही एक कायमचं दालन हवं.