पाठीवरचा बाण

आज नवं जाकीट घालून संध्याकाळी सायकल काढली. कर्वे रस्त्यावर वळताना हात दाखवला तरी अंधारात तो कुणाला दिसायचा नाही, आणि खड्डा आला की एका हाताने हँडल सावरता सावरता जीव मुठीत. आज मनगटाजवळचं बटण दाबलं, पाठीवर पिवळा बाण लुकलुकला आणि मागचा रिक्षावाला चक्क थांबला. "जा ताई, जा!"

इतकं बरं वाटलं!

जाकिटाच्या आत लिआ ब्यूकली या अमेरिकी संशोधिकेने घडवलेला, कापडावर शिवायचा लिलीपॅड आर्डुइनो आहे, म्हणजे बटण दाबलं की दिवे लावणारा चिमुकला संगणक. तारांऐवजी वीज वाहणारा धागा. दोन धागे एकमेकांना टेकले की दिवे बंद, मग उसवा. दोन रविवार त्यातच गेले. गाठी सारख्या सुटायच्या, त्या शेवटी आईने पक्क्या करून दिल्या.

पावसाआधी बॅटरीला मेणकापडाचा खिसा शिवायचाय. कुणाला असं जाकीट करायचं असेल तर घरी या, शिकवते.